उमेदवाराची पडताळणी होते, कंपनीची कोण करणार?

नोकरी देण्याआधी कंपनी उमेदवाराकडून काय काय मागते, ते एकदा ओळीनं मांडून पाहावं. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, आधीच्या प्रत्येक कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पॅन, आधार, राहत्या घराचा पत्ता, शिफारस करणाऱ्या दोघांचे फोन नंबर. एवढ्यावर भागत नाही. पडताळणी करणारी एजन्सी यूएएन, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरून भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) नोंद बघते आणि उमेदवार कुठल्या महिन्यात कुणाच्या पटावर होता ते ताडून पाहते. मध्ये दोन महिन्यांचा खंड दिसला की खुलासा मागवला जातो.

उमेदवाराच्या हातात कंपनीबद्दल काय असतं? वेबसाइटवरचे हसरे फोटो, एचआरनं फोनवर सांगितलेला सीटीसीचा आकडा आणि ‘आमच्याकडे कल्चर फार छान आहे’ हे वाक्य. एवढ्या भांडवलावर माणूस हातातली नोकरी सोडतो, नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवतो, घराचं डिपॉझिट भरतो, मुलांच्या शाळा बदलतो. पुढे फसगत झाली की लोक म्हणतात, आधीच ओळखायला हवं होतं. ओळखायला हवं हे खरंच, आणि कसं ओळखायचं ते इथे सविस्तर लिहिलं आहे. पण सगळा भार उमेदवाराच्या चाणाक्षपणावर टाकणं मला मान्य नाही. पगार, बाँड (ठरावीक काळाआधी सोडलं तर पैसे भरण्याची अट), नोटीस (सोडण्याआधी द्यायची मुदत) आणि पट (नाव कुणाच्या पगारपत्रकावर) या चार गोष्टींची माहिती राजीनाम्याच्या आधी लेखी मिळणं हा उमेदवाराचा हक्क असायला हवा. आज तो हक्क नाही.

आधी गैरसमज बाजूला करू. मुलाखत वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, एचआरनं नाव चुकीचं लिहिलं, ऑफिस जुन्या इमारतीत आहे, मालक मधूनच फोन घेतो, या गोष्टींवर रेड फ्लॅगचा शिक्का मारायची घाई करू नये. भोसरीतल्या पंचवीस माणसांच्या कारखान्यात स्वतंत्र एचआर विभाग नसतो. मालकच मुलाखत घेतो, मालकच पगार ठरवतो, आणि असे कित्येक मालक बारा-पंधरा वर्षं माणसं टिकवून आहेत. उलट चकचकीत अॅपवरून मुलाखतीच्या पाच फेऱ्या घेणारी कंपनी तिसऱ्या महिन्यात पगार लांबवू शकते. ढिसाळपणा आणि लपवाछपवी यांतला फरक ओळखायची एकच खात्रीची रीत आहे: प्रश्न ईमेलवर विचारायचा आणि उत्तर कसं येतं ते पाहायचं. ढिसाळ कंपनी दोन दिवस उशिरा का होईना, लेखी उत्तर देते. लपवणारी कंपनी फोन करते. ‘अहो, ते सगळं जॉइन झाल्यावर बघू’, ‘स्टँडर्ड पॉलिसी आहे, काळजी करू नका’, ‘एवढे प्रश्न आतापर्यंत कुणी विचारले नाहीत’ अशी उत्तरं फोनवर येतात आणि ईमेल तसाच पडून राहतो. दोनदा लेखी विचारूनही आकडा लेखी येत नसेल, तर तो आकडा नाहीच असं धरून निर्णय घ्यावा.

कुणालाही न विचारता तपासता येईल असंही बरंच असतं. पीएफच्या ज्या दप्तरातून कंपनी उमेदवाराचा इतिहास काढते, त्याच दप्तरात कंपनीचाही इतिहास आहे. ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे आणि तिला लॉगिन लागत नाही. तिथे ब्रँडचं नाव चालत नाही. पत्राच्या तळाशी ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट जे नोंदणीकृत नाव असतं ते टाकायचं. यादीतून पत्ता बघून योग्य आस्थापना निवडायची. पुण्याच्या आस्थापनांचा कोड ‘पीयूपीयूएन’ने सुरू होतो. पुढे भरण्याचा तपशील उघडला की कुठल्या महिन्याच्या पगारावरचा भरणा, तो कुठल्या तारखेला जमा झाला, रक्कम किती आणि कर्मचारी किती, असे रकाने दिसतात.

हे रकाने नीट वाचावेत. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. मागचे बारा भरणे १५ तारखेच्या आत जमा झालेले दिसत असतील, तर निदान पैशाची शिस्त आहे असं म्हणता येतं. एप्रिलचा भरणा जुलैत आणि मे-जूनचा एकदम सप्टेंबरात दिसला, तर रोख रकमेची ओढाताण चालू आहे. तंगी आली की ज्याची बोंब लगेच होत नाही ते देणं आधी थांबतं: पीएफ, टीडीएस, पुरवठादारांची बिलं. पगार सगळ्यात शेवटी थांबतो. त्यामुळे पीएफच्या तारखा घसरू लागल्या असतील, तर पगार लांबण्याची चाहूल काही महिने आधीच लागते. कर्मचाऱ्यांचा रकानाही बोलका असतो. मुलाखतीत ‘आम्ही झपाट्यानं वाढतोय’ असं सांगितलं जातंय आणि रकान्यात वर्षभरात १८० चे ११० झालेत, तर हा फरक समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मात्र या आकड्याला मर्यादा आहेत. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ कायदा सहसा लागू नसतो. मोठ्या कंपनीचे एकापेक्षा जास्त कोड असू शकतात. महिना १५,००० रुपयांहून जास्त वेतनावर पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला पीएफमधून बाहेर राहता येतं. म्हणून एकूण संख्येपेक्षा तिचा वर्षभराचा कल पाहावा. जोडीला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थापना कधीची, ती सक्रिय आहे का आणि शेवटचा ताळेबंद कुठल्या तारखेचा, हे पाहता येतं. १०० रुपये शुल्क भरलं की दाखल केलेली कागदपत्रंही उघडतात. शेवटचा ताळेबंद दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तेही विचारावं.

मोठं नाव म्हणजे कागद चोख, हाही समज सोडलेला बरा. २०२४ मध्ये पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण कंपनीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईनं लिहिलेल्या पत्रामुळे कामाच्या ओझ्याची देशभर चर्चा झाली. त्यानंतर राज्याच्या कामगार खात्यानं तपासणी केली, तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं पुढे आलं, आणि कार्यालय तर २००७ पासून चालू होतं. कामाच्या तासांची मर्यादा आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला याच कायद्यातून येतो. नोंदणीच नसेल तर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या यादीतही ते ऑफिस नसतं.

आता सीटीसी. सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात, कारण हा शब्द पगारासाठी वापरला जातो आणि तो पगार नसतो; कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च असतो. एक नमुना घेऊ. सीटीसी ८,००,००० रुपये. मूळ वेतन त्याच्या निम्मं, म्हणजे ४,००,०००. आता आतली वजाबाकी. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, जिला सगळे व्हेरिएबल म्हणतात, १० टक्के: ८०,०००. जॉइनिंग बोनस ५०,०००, तोही सीटीसीतच धरलेला. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे महिना १,८००, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के: १९,२४०. विम्याचा हप्ता १२,०००. उरले ६,१७,१६०, म्हणजे महिना ५१,४३०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात ४९,४३० येतात. आठ लाखांना बारानं भागून ६६,६६७ चा हिशोब करणाऱ्यानं घराचा हप्ता त्यावर बेतला असेल, तर दर महिन्याला सतरा हजारांचा खड्डा पडतो. जॉइनिंग बोनस एकदाच मिळणार, म्हणजे दुसऱ्या वर्षी तोच पगार सीटीसीच्या भाषेत साडेसात लाखांचा होतो.

यातली प्रत्येक ओळ कायदेशीर असू शकते. खोट असते ती तक्ता न देण्यात. पगाराची फोड करून दाखवणारा तक्ता ऑफर लेटरसोबत येत नसेल, ‘अॅनेक्शर नंतर मिळेल’ असं सांगितलं जात असेल, तर थांबावं. व्हेरिएबलबद्दल ‘कमाल किती’ हे विचारून काही कळत नाही. ‘मागच्या दोन वर्षांत या टीमला प्रत्यक्षात किती टक्के मिळालं आणि ते कुठल्या महिन्यात हातात पडलं’ असं विचारावं. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी लागते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एक वर्ष. सरासरी माणूस अडीच-तीन वर्षांत नोकरी बदलणार असं ज्या कंपनीला पक्कं ठाऊक आहे, तिनं ग्रॅच्युइटी सीटीसीत धरून आकडा फुगवणं मला अप्रामाणिक वाटतं, कायदा काहीही म्हणो. जॉइनिंग बोनस परत घेण्याचं कलमही नीट वाचावं. बऱ्याच पत्रांत वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत करायची अट असते, म्हणजे कर कापून हातात ३५,००० आले असले तरी परत ५०,००० द्यायचे.

ऑफर लेटरमधलं आणखी एक कलम आवर्जून बघण्यासारखं आहे: नोकरी सोडल्यावरचा शेवटचा हिशोब, ज्याला सगळे फुल अँड फायनल म्हणतात, किती दिवसांत मिळणार. वेतन संहितेत राजीनामा किंवा कपातीनंतर दोन कामाच्या दिवसांत वेतनाची देणी चुकती करायला सांगितलं आहे, आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. तरीही ‘४५ ते ६० दिवसांत’ हे कलम पत्रांत छापलेलं सापडतं. ते जुन्या नमुन्यातून चुकून राहिलं असेल, तर लेखी विचारल्यावर दुरुस्त होऊन यायला हवं. माजी कर्मचाऱ्यांशी बोलतानाही हाच प्रश्न सगळ्यात कामाचा ठरतो. ‘कंपनी कशी आहे’ विचारलं की ज्याचा त्याचा राग-लोभ ऐकायला मिळतो. ‘तुम्हाला शेवटचा हिशोब आणि रिलिव्हिंग लेटर किती दिवसांत मिळालं’ याला तारखेत उत्तर येतं. मागच्या वर्षभरात सोडून गेलेल्या दोघांना गाठावं, शक्यतो त्याच टीममधल्या.

बाँडबद्दल समाजमाध्यमांवर एक धोकादायक सल्ला फिरतो: ‘बाँड बेकायदाच असतो, खुशाल सही करा.’ हे खरं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार रद्दबातल ठरवतं, आणि नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट सहसा त्यात अडकते. पण नोकरीत असतानाच्या बंधनाची गोष्ट वेगळी आहे. १९६७ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं, कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातल्या कर्मचाऱ्यानं मुदत संपण्याआधी दुसरीकडे जाण्याच्या प्रकरणात, कराराच्या काळापुरतं बंधन वैध मानलं होतं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात न्यायालयानं तीन वर्षं सेवा, नाहीतर दोन लाख रुपये ही अट उचलून धरली. तिथे मुद्दा सार्वजनिक बँकेचा होता. भरतीसाठी तिला जाहिरात, परीक्षा आणि मुलाखतींची मोठी प्रक्रिया करावी लागते, हे न्यायालयानं लक्षात घेतलं. खासगी कंपनीनं दोन आठवड्यांच्या अंतर्गत प्रशिक्षणावर तीन लाखांचा बाँड लावला, तर त्याच करार कायद्याच्या कलम ७४ नुसार तिला वाजवी भरपाईच मागता येते, पत्रात लिहिलेला आकडा जशाच्या तसा मिळतोच असं नाही. पण हे सिद्ध करायला वकील लागतो, वेळ लागतो, आणि तोवर रिलिव्हिंग लेटर अडकलेलं असतं. बाँडची खरी ताकद त्या अडकलेल्या पत्रात असते.

म्हणून सहीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का, की तेविसाव्या महिन्यातही पूर्णच भरायची? कंपनीनंच काढून टाकलं तर बाँड संपतो का? प्रशिक्षण नेमकं काय, किती दिवसांचं, आणि बाहेरून घेतलं तर त्याचा खर्च किती? या तिन्हींची उत्तरं पत्रात असतील, तर बाँड असूनही कंपनी सरळ असू शकते. पण बाँडसोबत कोरा धनादेश किंवा मूळ गुणपत्रिका मागितली, तर मात्र तिथून उठावं. सही केलेला धनादेश दुसऱ्याच्या कपाटात असणं म्हणजे तो वटला नाही तर १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रारीची टांगती तलवार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत असू शकते. मूळ कागद पडताळणीला समोर दाखवायचे आणि त्याच बैठकीत परत घ्यायचे. ‘लॉकरमध्ये सुरक्षित राहतील’ या वाक्याला भुलू नये. आणि नोकरीसाठी पैसे मागणारा कुणीही, मग तो ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ म्हणो की ‘प्रशिक्षण शुल्क’, नोकरी देत नसतो. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. उशीर झाला की पैसे गोठवायची संधी जाते.

चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात पहिला प्रश्न वेगळा असतो: नाव कुणाच्या रोलवर? कंपनी रोल, ठेकेदाराचा रोल आणि अप्रेंटिस यांत कामाची जागा एकच, गणवेश एकच, पण हक्क वेगवेगळे. अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही. गेटवरचा माणूस ‘सहा महिन्यांनी कंपनी रोलवर घेतात’ असं सांगतो. मागच्या वर्षी किती जणांना घेतलं, हे त्याला विचारावं. आयटीतही हाच प्रकार ‘थर्ड पार्टी पेरोल’ या नावानं चालतो: मुलाखत बड्या कंपनीनं घेतलेली, पत्र मात्र अनोळखी नावाचं. पत्र ज्या नावानं येईल तीच तुमची कंपनी, आणि पीएफचा शोधही त्याच नावानं घ्यायचा.

मुलाखतीत खोलीत बसलेली माणसंही पाहावीत. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो एकाही फेरीत भेटला नाही, तर भेट मागावी. नकार आला तर एक तर तो माणूस अजून ठरलेला नाही, किंवा सोडून चालला आहे. ‘या जागेवर आधी कोण होतं, ते किती काळ होतं आणि आता कुठे आहेत’ हा प्रश्न साधा वाटतो, पण तीन वर्षांत त्या खुर्चीत चौथा माणूस बसणार असेल तर ते इथेच कळतं. घरी करायला दिलेलं काम दोन-तीन तासांचं आणि काल्पनिक समस्येवरचं असेल तर ठीक. कंपनीच्याच चालू ग्राहकाचं डिझाइन, चालू वेबसाइटचा कोड किंवा पुढच्या तिमाहीची विक्री योजना मागितली, तर ते फुकटात करून घेतलेलं काम आहे. अर्ध्या दिवसात सही करा नाहीतर ऑफर रद्द, हा दबाव ज्या कंपनीनं स्वतः सहा आठवडे घेतले ती टाकते तेव्हा तिला तुमच्या हाती तुलनेसाठी वेळ द्यायचा नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

मुलींना आजही ‘लग्नाचं काय ठरलंय’ हा प्रश्न विचारला जातो. भरतीत लिंगावरून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं मनाई केली होती आणि वेतन संहितेतही ती मनाई आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याला तुमचं उत्तर नको असतं; २६ आठवड्यांची प्रसूती रजा टाळायची असते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे, तेव्हा समितीच्या अध्यक्ष कोण आणि बाहेरच्या सदस्य कोण हे एचआरला सहज विचारता येतं. ज्या कंपनीत समिती खरोखर आहे तिथे नावं लगेच सांगितली जातात. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी मालकावर येते. शिफ्टची नोकरी असेल तर गाडी दारापर्यंत येते की ‘पिकअप पॉइंट’पर्यंत, आणि सोबत सुरक्षारक्षक असतो का, हे लेखी घ्यावं.

कॉलेजमधून पहिली नोकरी घेणाऱ्यांची कोंडी सगळ्यात वाईट, कारण त्यांच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलत असतं. अभियांत्रिकी कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला ‘सर्वाधिक पॅकेज’चा फलक लावायचा असतो. बऱ्याच ठिकाणी एका विद्यार्थ्याला एकच ऑफर असा नियम असतो: एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. यात जागा जास्त मुलांना मिळाव्यात हा हेतू चांगला आहे. पण कंपनीनं जॉइनिंग लांबवलं तर त्या मुलाचं काय? २०२२ मध्ये पदवी घेतलेल्या जवळपास दोन हजार मुलांना एका मोठ्या आयटी कंपनीनं दोन वर्षांपर्यंत ताटकळत ठेवल्याची तक्रार पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. २०२४ च्या अखेरीस जी मुलं रुजू झाली, त्यांतल्या कित्येकांना फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत परीक्षेच्या निकालावरून घरी पाठवलं गेलं. लेटर ऑफ इंटेंटमध्ये, म्हणजे नोकरी देण्याचा इरादा कळवणाऱ्या पत्रात, जॉइनिंगची तारीख नसते, ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ एवढंच असतं, आणि असे कागद मुलं आणि आईवडील पेढे वाटून घरी नेतात. तारीख नसलेलं पत्र ही ऑफर नव्हे. प्लेसमेंट विभागानं ते पत्र मोजणीत धरू नये, आणि त्या मुलाला पुढच्या कंपन्यांसाठी मोकळं ठेवावं.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की गरजवंताला अक्कल नसते. घरी पैसा लागतो तेव्हा कोण बाँडची कलमं वाचत बसणार? नोकरी घ्यावीच लागत असेल तर जरूर घ्यावी. पण काय घेतोय हे माहीत असणं गरजवंतालाच जास्त उपयोगी पडतं. खात्यात ६६ नाही, ४९ हजार येणार हे आधी कळलं तर तो त्या भाड्याचं घर घेणार नाही. पीएफ थकतोय हे दिसलं तर तो तिथे असतानाच दुसरीकडे अर्ज करत राहील. नोटीस कंपनीकडून ३० दिवस आणि त्याच्याकडून ९० दिवस आहे हे वाचलं असेल, तर पुढची नोकरी शोधताना त्या ९० दिवसांचा हिशोब धरेल. मालकांकडूनही एक आक्षेप येतो: उमेदवार ऑफर घेऊन दुसरीकडे भाव वाढवतात आणि ऐन दिवशी येत नाहीत. हे होतं, आणि ते चुकीचं आहे. पण भाव वाढवायला आकडा लागतोच, आणि तो फोनवरही पुरतो. लपवलेल्या बाँडमुळे किंवा न दिलेल्या तक्त्यामुळे एकही उमेदवार जास्त प्रामाणिक झालेला नाही.

कायद्याची फट नेमकी कुठे आहे ते पाहिलं की काय मागायचं हेही स्पष्ट होतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनं प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं सक्तीचं केलं, ही मोठी सुधारणा आहे. पण ते पत्र नेमणुकीच्या वेळी द्यायचं आहे. उमेदवारानं निर्णय घेतलेला असतो दोन-तीन महिने आधी, जुन्या कंपनीत राजीनामा टाकला त्या दिवशी. तोवर त्याच्या हातात असतं दोन परिच्छेदांचं ऑफर लेटर, ज्यात ‘इतर अटी नेमणूकपत्रात’ असं लिहिलेलं असतं. जॉइनिंगच्या सकाळी बारा पानांचं पत्र समोर येतं, बाँड आणि नोटीस पहिल्यांदा तिथे दिसतात, आणि मागचा दरवाजा बंद झालेला असतो. सही न करायची मोकळीक तेव्हा नुसती कागदावर उरते.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशानं मुलाखतीआधी पगाराची श्रेणी सांगणं बंधनकारक केलं आणि उमेदवाराला आधीचा पगार विचारायला मनाई केली. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिली. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून जाहिरातीतच श्रेणी छापावी लागते. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. १९५९ च्या सेवायोजन कार्यालयांच्या कायद्यानं २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा सरकारला कळवायला लावलं होतं, आणि त्या नमुन्यात कामाचं स्वरूप, जागा, वेतन असे रकाने होते. माहिती सरकारी दप्तरात जायची, उमेदवारापर्यंत पोचायची नाही, एवढंच.

राज्याला यात करता येण्यासारखं आहे. संहितांखालच्या नियमांत एक पानी नमुना ठरवून द्यावा: महिन्याला खात्यात येणारी रक्कम, व्हेरिएबलचं मागच्या दोन वर्षांचं प्रत्यक्ष प्रमाण, बाँडची रक्कम आणि ती कमी होत जाण्याचा तक्ता, दोन्ही बाजूंची नोटीस, पेरोल कुणाच्या नावावर, जॉइनिंगची तारीख आणि ती हुकली तर भरपाई किती. हे पान ऑफरसोबत द्यायचं आणि नेमणूकपत्रात त्यापेक्षा जाचक अट आढळली तर ती लागू होणार नाही, असं स्पष्ट लिहायचं. नियम व्हायला वेळ लागेल, पण कॉलेजांना थांबायची गरज नाही. प्लेसमेंटला येणाऱ्या कंपनीकडून हेच पान आधी भरून घ्यायचं आणि नोटीस बोर्डावर लावायचं, एवढं प्रत्येक प्राचार्य येत्या हंगामात करू शकतो. जी कंपनी ते भरायला नकार देईल, तिला कॅम्पसवर बोलावू नये.